मुंग्या, दरी आणि कडा

दिवाळी अंकात इतिहासाचा लेख म्हटला की तो शिवकालाचा तरी असतो, नाहीतर पेशवाईचा. आपण जर्मनीत राहतो म्हणून फार तर दुसरं महायुद्ध किंवा बर्लिनची भिंत. मीही आज भिंतीच्या बाजूलाच जाणार आहे, पण छपरावरून. टीव्हीच्या अँटेनाचा हा इतिहास आहे. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं आणि धंदा आयटी कन्सल्टिंगचा, त्यामुळं मध्येमध्ये थोडं गणित येईल. चकली खाता खाता पचेल एवढंच देतो.

सुरुवात आपल्याकडच्या मुंग्यांपासून करू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या केंद्रामुळं ते पुण्यात दिसू लागलं. त्यापुढच्या गावांना बरीच वर्षं थांबावं लागलं. ज्यांचं घर प्रक्षेपणाच्या टोकाला होतं त्यांच्याकडे गच्चीवर वीस फुटी पाईप, त्यावर अँटेना, मध्ये बूस्टर आणि पाईपाशी घरातला एक मुलगा. खालून ओरडा: "आलं, आलं... गेलं!" पडद्यावर मुंग्या आल्या की पाईप फिरवायचा. या मुंग्यांचं एक वैशिष्ट्य होतं, जे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मुंग्या असूनही बातम्या ऐकू यायच्या, क्रिकेट समजायचं, चित्रपटातली हिरॉईन ओळखू यायची. सिग्नल जितका कमी, तितक्या मुंग्या जास्त. चित्र एकदम जायचं नाही, हळूहळू जायचं.

म्हणजे प्रक्षेपणाची हद्द ही नकाशावरची रेघ नव्हती, तो एक रुंद पट्टा होता. त्या पट्ट्यात राहणारा माणूस उंच पाईप, मोठा अँटेना आणि भरपूर चिकाटी यांच्या जोरावर चित्र ओढून आणू शकत होता. सरकारला ते नको असलं तरीही. आणि इथे आपण जर्मनीत येतो.

नाझी सरकारनं युद्धाच्या पहिल्याच दिवशी, १ सप्टेंबर १९३९ ला, परदेशी रेडिओ ऐकणं हा गुन्हा ठरवला होता. त्याची आठवण ताजी असताना १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीची राज्यघटना लिहिली गेली. तिच्या पाचव्या कलमात भाषणस्वातंत्र्याच्या शेजारीच आणखी एक हक्क आहे: सर्वांना खुल्या असलेल्या स्रोतांमधून विनाअडथळा माहिती मिळवण्याचा. बोलण्याचा हक्क आपल्याला पटकन आठवतो. ऐकण्याचा आणि पाहण्याचाही हक्क वेगळा लिहून ठेवावा लागतो, हे मला इथे येईपर्यंत सुचलं नव्हतं.

पूर्व जर्मनीत हा हक्क कागदावर नव्हता, पण लाटांना पासपोर्ट लागत नाही. पश्चिम बर्लिन तर पूर्व जर्मनीच्या पोटातच होतं, तिथलं प्रक्षेपण चहूबाजूंना पसरायचं. दक्षिणेला बव्हेरियात ऑक्सेनकोप्फ नावाचा १,०२४ मीटर उंचीचा डोंगर आहे. तिथे १९५८ मध्ये बायरिशर रुंडफुंकचा मनोरा उभा राहिला आणि त्याचा चौथा चॅनेल थुरिंगिया आणि सॅक्सनीच्या गावांत दिसू लागला. हा चॅनेल साधारण ६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे लहर साडेचार-पावणेपाच मीटर लांब. इतक्या लांब लहरी डोंगरांच्या कडेनं बऱ्यापैकी वळतात, पण त्यांना पकडायला अँटेनाही तसाच लागतो, सव्वादोन-अडीच मीटर रुंद दांड्यांचा. असा अँटेना लपवणार कुठे? लोक त्याला सरळ ऑक्सेनकोप्फ-अँटेनाच म्हणायचे, आणि तो कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्या पोलिसालाही दिसायचं.

भिंत बांधली गेली ऑगस्ट १९६१ मध्ये. त्यानंतर लगेच सप्टेंबरात 'फ्राय डॉइच युगेंट' या सरकारी युवक संघटनेची पोरं छपरांवर पाठवली गेली. पश्चिमेकडे वळलेले अँटेना त्यांनी फिरवले, काही ठिकाणी मोडले. या मोहिमेला 'आक्सियोन ऑक्सेनकोप्फ' असं नाव पडलं. लोकांनी काय केलं? काहींनी अँटेना पोटमाळ्यावर, कौलांखाली नेला. कौलांमुळं काही डेसिबेल कमी व्हायचे, मुंग्या वाढायच्या, पण चित्र दिसायचं. मुंग्यांचा हा उपकारच म्हणायचा. पुढे सरकारही दमलं. मे १९७३ मध्ये होनेकर यांनी पक्षाच्या बैठकीत जवळपास मान्यच केलं की पश्चिमेचे कार्यक्रम ज्याला हवे तो लावतो, नको तो बंद करतो. रंगाच्या बाबतीत मात्र आडकाठी राहिली. पश्चिमेनं १९६७ मध्ये वाल्टर ब्रूख यांची पाल पद्धत घेतली, तीच जी १९८२ मध्ये आपल्या दूरदर्शननं घेतली. पूर्व जर्मनीनं १९६९ मध्ये फ्रेंच सेकाम पद्धत घेतली. त्यामुळं नवाकोरा रंगीत सेट घेऊनही पश्चिमेचं चित्र काळं-पांढरंच दिसायचं. मग हौशी मंडळी सेट उघडून आत पाल डिकोडर बसवायची. (आपल्याकडचा रेडिओ दुरुस्तीवाला तिथे असता तर बंगला बांधला असता.)

एवढं सगळं करूनही दोन भागांना पश्चिमेचं चित्र मिळालंच नाही. ईशान्येला ग्राइफ्सवाल्डच्या आसपासचा प्रदेश आणि आग्नेयेला ड्रेस्डेन. ड्रेस्डेन एल्ब नदीच्या खोलगट खोऱ्यात वसलंय आणि पश्चिमेचे मनोरे दीडशे किलोमीटरहून लांब. देशाची साधारण १५ टक्के लोकसंख्या या दोन भागांत होती. बाकीचे पूर्व जर्मन त्यांना चिडवायचे: 'टाल डेअर आनुंग्सलोझेन', म्हणजे ज्यांना कशाचा पत्ताच नाही अशांची दरी. पश्चिमेच्या 'ए-आर-डी' या वाहिनीच्या अक्षरांचा अर्थही त्यांनी 'आउसर राउम ड्रेस्डेन', ड्रेस्डेनचा भाग सोडून, असा लावला होता. ड्रेस्डेनकरांनी हार मानली नाही. १९८० च्या दशकात तिथल्या गावांनी वर्गणी काढून टेकडीवर सामायिक अँटेना उभे केले आणि खाली केबल ओढल्या. खड्डे खणायला सगळा गाव. वर्गणी आणि श्रमदान हा प्रकार आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

आता यातला जो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो तो. समाजशास्त्रात प्रयोग करता येत नाहीत. अर्ध्या देशाला टीव्ही द्या आणि अर्ध्याला देऊ नका, असं कोणी करू देत नाही. पण भूगोलानं इथे नेमकं तेच केलं होतं. म्हणून पुढे संशोधकांनी मनोऱ्याची जागा, उंची, शक्ती आणि मधले डोंगर धरून कोणत्या गावात किती सिग्नल पोचत असेल याचे हिशेब केले आणि ते लोकांच्या वागण्याशी ताडून पाहिले. सर्वांचा समज असा की पश्चिमेचा टीव्ही पाहूनच लोक पेटले आणि भिंत पडली. केर्न आणि हाइनम्युलर यांच्या २००९ च्या अभ्यासात उलटंच निघालं: ज्यांना पश्चिमेचा टीव्ही दिसत होता ते आपल्या राजवटीवर उलट थोडे जास्त समाधानी होते. संध्याकाळी मालिका बघायला मिळाली की माणूस शांत होतो, असं काहीसं. देश सोडून जाण्याचे अर्जही ड्रेस्डेन जिल्ह्यात लोकसंख्येच्या मानानं जास्त होते. १९८९ च्या निदर्शनांवर टीव्हीच्या सिग्नलचा परिणाम दिसत नाही, असं २०१५ च्या आणखी एका अभ्यासानं सांगितलं. आणि ४ ऑक्टोबर १९८९ ला, प्रागमधल्या निर्वासितांच्या गाड्या ड्रेस्डेन स्टेशनातून जाणार म्हणून तिथे हजारो लोक जमले आणि पोलिसांशी जोरदार चकमक झाली. हीच ती पत्ता नसलेल्यांची दरी!

मग पश्चिमेच्या टीव्हीनं केलं तरी काय? बुर्स्टिन आणि कांतोनी यांनी २०१६ मध्ये दाखवलं की एकीकरणानंतर ज्या भागात आधी सिग्नल येत होता तिथले लोक, पश्चिमेच्या टीव्हीवर ज्या प्रकारच्या वस्तूंची जास्त जाहिरात व्हायची, त्या वस्तू जास्त विकत घेत होते. एकूण खर्च आणि बचत मात्र सारखीच. क्रांतीपेक्षा साबणाचा प्रभाव खोल गेला म्हणायचा. मला वाटतं यात थोडी सावधगिरी हवी, कारण ड्रेस्डेन आणि बाकीचा देश यांत टीव्ही सोडून दुसरेही फरक असणारच. पण टीव्हीनं भिंत पाडली असं ठोकून देणाऱ्याला आता दोन मिनिटं थांबवता येतं.

हे सगळं मुंग्यांच्या काळातलं. डिजिटलमध्ये काय बदललं ते आता बघू.

लग्नाच्या मांडवात सनई-चौघडा चालू असताना तुम्ही शेजाऱ्याशी बोलताय असं समजा. तुमचा आवाज गोंगाटापेक्षा किती मोठा आहे, हेच सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर. ते डेसिबेलमध्ये मोजतात. ३ डेसिबेल म्हणजे दुप्पट शक्ती, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट. अ‍ॅनालॉग टीव्हीला स्वच्छ चित्रासाठी चाळीसच्या पुढे डेसिबेल लागायचे, पण वीस असले तरी मुंग्यांसकट काहीतरी दिसायचं.

डिजिटल टीव्ही चित्र न पाठवता आकडे पाठवतो, आणि आकड्यांबरोबर चुका दुरुस्त करायची सोयही. डीव्हीबी-टी या युरोपीय पद्धतीत १८८ बाइटच्या प्रत्येक पाकिटाला १६ बाइट जास्तीचे जोडतात. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेलं हे गणित, सीडीमध्येही तेच. या सोळा बाइटच्या जोरावर पाकिटातले कोणतेही आठ बाइट बिघडले तरी ते पुन्हा जसेच्या तसे तयार करता येतात. आठ चुका पोटात घालतो, पण नववी झाली की पाकीट गेलंच. त्याच्या आत दुरुस्तीचा आणखी एक थर असतो, तो सोडवतात व्हिटर्बी यांच्या १९६७ च्या पद्धतीनं. या आतल्या थरानंतर दहा हजार बिटांत दोन चुका उरल्या, तर बाहेरचा थर त्या इतक्या सफाईनं उचलतो की तासाभरात एखादी चूकही पडद्यावर येत नाही. पण सिग्नल आणखी एक-दोन डेसिबेलनं घसरला की चौकोन दिसू लागतात, आवाज तुटतो, आणि पडदा काळा. इंजिनिअर लोक याला कडा म्हणतात. कड्याच्या काठापर्यंत सपाट जमीन, पुढे काहीच नाही.

त्यामुळं डिजिटलमध्ये चित्र किती छान आहे या प्रश्नाला अर्थ उरत नाही. ते छानच असतं. खरा प्रश्न असा की तुम्ही कड्यापासून किती लांब उभे आहात. मोजलेल्या गुणवत्तेतून लागणारी किमान गुणवत्ता वजा केली की उरते ती शिल्लक. खात्यात वीस डेसिबेल, गरज चौदाची, शिल्लक सहा. पावसानं ओली झालेली झाडं, समोर थांबलेली ट्रामगाडी, खोलीत फिरणारी माणसं, सगळ्यांचा खर्च या सहातून. आणि पडद्याकडे बघून शिल्लक कळत नाही, ती मोजावीच लागते.

ही शिल्लक किती ठेवायची ते प्रक्षेपण करणारा ठरवतो. ब्रिटननं १९९८ मध्ये डिजिटल सुरू करताना एका चॅनेलमध्ये जास्तीत जास्त कार्यक्रम कोंबले. त्यासाठी ६४-क्यूएएम नावाची दाट मांडणी घेतली. छपरावर चांगला अँटेना असणाऱ्यांचं ठीक, बाकीच्यांच्या चित्राचे तुकडे. २००२ मध्ये तिथली सशुल्क डिजिटल कंपनी बुडाली. कारणं बरीच होती, कमकुवत ग्रहण हे त्यातलं एक, आणि त्यानंतर तिथल्या काही चॅनेलांना विरळ मांडणीवर यावं लागलं. जर्मनीनं पहिल्यापासून विरळ १६-क्यूएएम निवडली. चॅनेलमागे तेरा ते पंधरा मेगाबिट, म्हणजे साधारण चारच कार्यक्रम. पण ६४-क्यूएएमला जिथे साडेसोळा डेसिबेल लागतात तिथे हिला अकरा पुरतात. साडेपाच डेसिबेलचा फरक म्हणजे साडेतीन पट शक्ती! घरात, भिंतींवरून प्रतिध्वनी येत असताना, हीच गरज चौदावर जाते.

हा हिशेब घरासाठी होता हे महत्त्वाचं. अ‍ॅनालॉगचं नियोजन दहा मीटर उंचीवरच्या छपरावरच्या अँटेनासाठी व्हायचं. जर्मनीनं डिजिटलला नाव दिलं 'युबरआल-फेर्नझेन', म्हणजे कुठेही दिसणारा टीव्ही. आता अँटेना टेबलावर आणि तोही वीतभर. उंची गेली, भिंतींनी सरासरी सात-आठ डेसिबेल खाल्ले, आणि थंडीसाठी धातूचा पातळ मुलामा दिलेली खिडकीची काच असेल तर त्याहून जास्त. शिवाय खोलीत अर्ध्या मीटरवर सिग्नल बदलतो. म्हणून नियोजनात टक्केवारी आली: शंभर मीटर बाय शंभर मीटरच्या चौकोनातल्या ९५ टक्के जागी चित्र दिसलं तर ग्रहण चांगलं, ७० टक्के जागी दिसलं तर चालण्यासारखं. वाचायला बरं वाटतं. पण ७० टक्के म्हणजे दहातली तीन टेबलं कड्याखाली, आणि तिथे मुंग्यासुद्धा नाहीत.

यातला सगळ्यात धाडसी प्रयोग बर्लिनचा. १ नोव्हेंबर २००२ ला तिथे डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं आणि ४ ऑगस्ट २००३ ला मनोऱ्यावरचं अ‍ॅनालॉग पूर्ण बंद. एवढ्या मोठ्या शहरी भागात असं जगात पहिल्यांदाच होत होतं. आलेक्झांडरप्लात्सचा ३६८ मीटर उंच मनोरा, जो पूर्व जर्मनीनं १९६९ मध्ये रंगीत टीव्हीबरोबर एकाच दिवशी, ३ ऑक्टोबरला, सुरू केला होता, तो आणि पश्चिम बर्लिनचा शेफरबेर्गचा मनोरा आता एकाच चॅनेलवर एकच कार्यक्रम पाठवू लागले. अ‍ॅनालॉगमध्ये असं केलं असतं तर पडद्यावर भुताटकी दिसली असती. डिजिटलमध्ये दोन्ही लाटा थोड्या अंतरानं पोचल्या तरी एकमेकींना मदतच करतात. एके काळी एकमेकांविरुद्ध प्रचार करणाऱ्या शहरांचे हे मनोरे!

त्या भागातल्या सुमारे १८ लाख घरांपैकी दीड लाखाच्या आसपास घरं केवळ अँटेनावर अवलंबून होती. केबलचे पैसे परवडत नाहीत किंवा नको आहेत, अशी घरं. त्यांना नवा डबा विकत घेणं भाग होतं. मेडियेनआन्श्टाल्ट या तिथल्या प्रसारण प्राधिकरणानं घरोघरी माहिती पोचवली आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी डब्यांची सोय केली. असे सहा हजारांच्या आसपास डबे दिले गेले. त्याच प्राधिकरणानं खासगी वाहिन्यांनाही सुमारे ४० लाख युरो देऊ केले होते. ते युरोपीय आयोगानं २००५ मध्ये बेकायदा ठरवले, आणि २०११ मध्ये युरोपीय न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. मनोऱ्यालाच मदत का, केबल आणि उपग्रहाला का नाही, हा आक्षेप. माणसाला डबा घेऊन द्यायला आयोगाची हरकत नव्हती, वाहिन्यांना पैसे द्यायला होती. मला हा निवाडा बरोबर वाटतो.

पुढे सगळा देश डिजिटल झाला, पण विरळ वस्तीच्या भागात खासगी वाहिन्या मनोऱ्यावर आल्याच नाहीत, तिथे फक्त सार्वजनिक वाहिन्या. मार्च २०१७ मध्ये डीव्हीबी-टी२ आलं आणि खासगी वाहिन्यांना कुलूप लागलं, सुरुवातीला वर्षाला ६९ युरो. आणि १ जुलै २०२४ पासून केबलचे पैसे घरभाड्याच्या जोडखर्चात घुसवायची घरमालकांची सवलतही संपली. आपल्यातल्या किती जणांनी तोपर्यंत एकदाही न पाहिलेल्या केबलचे पैसे वर्षानुवर्षं भरले, ते त्यांनी जुनी बिलं काढून बघावं.

पाचव्या कलमाकडे परत येतो, कारण ते आपल्यासारख्यांच्याही कामी आलंय. एका तुर्की भाडेकरूला मायदेशाचे कार्यक्रम बघायला बाहेर डिश लावायची होती, घरमालक नाही म्हणाला. ९ फेब्रुवारी १९९४ ला कार्ल्सरूहेच्या घटना न्यायालयानं भाडेकरूची बाजू धरली. ज्या परदेशी माणसाला आपल्या देशाचे कार्यक्रम दुसऱ्या मार्गानं मिळत नाहीत, त्याची माहितीची गरज घरमालकाच्या सौंदर्यदृष्टीशी तोलून पाहायलाच हवी. अर्थात केबलवर तेच मिळत असेल तर हा मुद्दा टिकतोच असं नाही, आणि आता इंटरनेट आल्यावर तर तो आणखी पातळ झालाय.

तरीही ज्यांच्या बाल्कनीत डिश आहे त्यांच्यासाठी एक जर्मन शब्द: 'श्लेख्टवेटर-रेझेर्व्ह', म्हणजे खराब हवामानासाठी राखून ठेवलेली शिल्लक. उपग्रहाच्या लाटा जोराच्या पावसात अडतात, म्हणून नेमकं वादळात फायनल बंद पडते. ६० सेंटिमीटरच्या जागी ८५ सेंटिमीटरची डिश लावली की क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे ३ डेसिबेल जास्त, आणि बऱ्याचशा सरी त्यात निभावतात. डिश फिरवताना डब्यावर दोन पट्ट्या दिसतील, एक सिग्नलच्या ताकदीची आणि एक गुणवत्तेची. ताकदीची पट्टी गोंगाटानंही भरते, शेजारचा उपग्रह लागला तरी भरते. तिच्याकडे बघू नका. गुणवत्तेची पट्टी बघत डिश मिलिमीटर-मिलिमीटर सरकवा, सर्वांत वर गेली की स्क्रू आवळा, आणि आवळताना ती पुन्हा सरकली नाही ना ते परत एकदा बघा. टक्क्यांचे आकडे शेजाऱ्याच्या डब्याशी ताडून पाहू नका, प्रत्येक कंपनीची शंभरी वेगळी असते.